खतांची खतावणी

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींच्या पॉटलकमध्ये 'केमिकल' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला आहे. कोणीतरी पालकाची भाजी आणलेली असते, ती 'ऑर्गॅनिक' असल्याचे आवर्जून सांगितले जाते, आणि मग गाडी हमखास गावाकडे वळते. रासायनिक खतांनी जमिनी मेल्या, रोगराई वाढली, आजोबांच्या वेळच्या गव्हाची चव आता राहिली नाही, वगैरे. तेवढ्यात एखादा जुना खतकारखान्यातला इंजिनियर उसळून म्हणतो की खत नसते तर तुम्ही हे बोलायला जन्मालाच आला नसता. मग कॉफी येते आणि विषय बदलतो.

हा वाद गप्पांपुरताच राहिला असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरची शेती अजून चालू आहे. भाऊ किंवा चुलतभाऊ ती कसतो, आणि डॉलर पाठवणाऱ्याच्या सल्ल्याला गावात नको तेवढे वजन असते. 'यंदा युरिया बंद कर, मी फरक भरून देतो' असे फोनवर सांगणारे आणि 'शेणात काय ठेवले आहे, दोन पोती जास्त टाक' असे सांगणारे, दोन्ही प्रकारचे सद्गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. दोघांच्याही बोलण्यामागे, त्यांना ठाऊक असो वा नसो, एकेक पुस्तक उभे आहे. ती दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे फार दिवस मनात होते.

पहिले पुस्तक व्हाक्लाव्ह स्मिल यांचे 'एनरिचिंग द अर्थ'. ते २००१ साली निघाले. स्मिल मूळचे चेकोस्लोव्हाकियातले आणि नंतर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात प्राध्यापक. दुसरे सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट', १९४० सालचे, ज्याला सेंद्रिय शेतीवाले जवळजवळ धर्मग्रंथ मानतात. एक कारखान्याच्या बाजूचे, एक उकिरड्याच्या बाजूचे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खताचा प्रश्न पापपुण्याचा नाही, जमाखर्चाचा आहे. शेतात नत्र कोठून आले, पिकाने किती उचलले, उरलेले कोठे गेले, आणि या सगळ्याचे पैसे कोणी भरले, हे चार रकाने ज्याने भरले नाहीत त्याने कोणत्याही बाजूने बोलू नये. या दोन पुस्तकांत मिळून पहिले तीन रकाने बऱ्यापैकी भरलेले आहेत. चौथा दोन्हीकडे जवळजवळ कोरा आहे, आणि आपल्याकडचा सगळा घोटाळा त्या चौथ्यात आहे.

माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली असली तरी गेली अनेक वर्षे पोट सॉफ्टवेअरवर चालते. त्यामुळे विसाव्या शतकातला सर्वांत महत्त्वाचा शोध विमान नव्हे, अणुशक्ती नव्हे, संगणकही नव्हे, तर अमोनियाची कारखानदारी, असे स्मिल म्हणतात तेव्हा जरा टोचते. पण पुस्तक पुढे वाचत गेले की टोचणे कमी होते. हवेत चार-पंचमांश नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की वनस्पतीला तो जसाच्या तसा घेता येत नाही. निसर्गात मुख्यतः डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या जीवाणूंसारखे काही जीवाणू आणि आकाशातली वीज यांना ती गाठ सोडवता येत होती. जुलै १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी कार्लस्रूहच्या प्रयोगशाळेत दाबाखाली नायट्रोजन व हायड्रोजन एकत्र आणून अमोनियाचे थेंब गाळून दाखवले. बीएएसएफ कंपनीच्या कार्ल बॉश यांनी पुढच्या चार वर्षांत त्या टेबलावरच्या खेळण्याचा कारखाना केला आणि सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाऊ येथे तो सुरू झाला.

ही चार वर्षे हा स्मिल यांच्या पुस्तकातला सर्वांत रसाळ भाग आहे. दोनशे वातावरणांच्या आसपास दाब आणि पाचशे अंशांच्या घरातले तपमान एकदम सोसणारे भांडे त्या काळी कोणाकडेच नव्हते. बॉश यांच्या सुरुवातीच्या पोलादी नळ्या काही दिवसांतच फुटल्या. कारण शोधता असे दिसले की तापलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पोलादाला बळ देणारा त्यातला कार्बनच खाऊन टाकतो. बॉश यांनी काढलेला तोडगा आजही वाचताना दाद द्यावीशी वाटते. आत मऊ लोखंडाचे अस्तर घालायचे, ज्यात खाण्यासारखा कार्बनच नाही. बाहेर बळकट पोलादाचे कवच ठेवायचे, आणि अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन साचून राहू नये म्हणून त्या कवचाला बारीक भोके पाडायची. दाबाच्या भांड्याला मुद्दाम भोके! शेजारच्याच प्रयोगशाळेत आल्विन मिटाश हजारो चाचण्या करून स्वस्त उत्प्रेरक शोधत होते, आणि अखेर थोडी भेसळ असलेले साधे लोखंड कामाला आले. हाबर यांना १९१८ चे आणि बॉश यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच हाबर यांनी १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडण्याची व्यवस्था केली, आणि तोच ओपाऊचा कारखाना युद्धात दारूगोळ्याला नत्र पुरवत होता. १९२१ मध्ये तेथील खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली. स्मिल यांचा प्रांत दिलगिरीचा नाही, आकड्यांचा आहे. तरी हा सगळा इतिहास त्यांच्या विषयाला चिकटलेलाच आहे.

त्यांचा गाजलेला निष्कर्ष असा की शतकाच्या अखेरीस जगातली जवळजवळ ४० टक्के माणसे या एका प्रक्रियेच्या आधाराने जगत होती. नंतर इतरांनी केलेले अंदाज निम्म्याच्या जवळ जातात. पॉटलकमधला इंजिनियर हेच वाक्य फेकतो. पण तो स्मिल यांचा पुढचा भाग गाळतो. हा आकडा काही पाय नव्हे, की कोठेही तोच यावा. माणसे काय खातात आणि जमीन किती आहे यावर तो ठरतो. भारतात, चीनमध्ये खताचे नत्र बव्हंशी भातागव्हातून सरळ माणसाच्या पोटात जाते. तेथे ते खरोखरच जगण्याचे साधन आहे. १९७२ मध्ये निक्सन पेकिंगला जाऊन आले, आणि त्यानंतर चीनने परदेशांकडे पहिली मोठी मागणी नोंदवली ती अमोनिया-युरियाच्या तेरा प्रचंड कारखान्यांची. दुष्काळात कोट्यवधी माणसे गमावलेल्या देशाला काय हवे होते हे त्यावरून कळते. इथे अमेरिकेत मात्र त्या नत्राचा मोठा वाटा मक्यातून गुरांच्या आणि डुकरांच्या पोटात जातो. स्मिल हे स्पष्ट लिहितात. इथल्या माणसाने मांस कमी खाल्ले तर खत कमी लागेल आणि कोणी उपाशी मरणार नाही. म्हणजे 'खत नसते तर आपण नसतो' हे वाक्य सांगली जिल्ह्यात जितके खरे आहे तितके आयोवात नाही.

आता हॉवर्ड. हा माणूस श्रॉपशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. पत्नी गॅब्रिएल स्वतः उत्तम शास्त्रज्ञ होती. दोघांनी मिळून पुसा ४, पुसा १२ हे गव्हाचे वाण काढले. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदूरला होळकर सरकारने दिलेल्या जमिनीवरच्या संशोधन संस्थेचे संचालक होते, आणि तेथे कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तयार झाली. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी वरखाली करून, तीन महिन्यांत खत. या देशातल्या बागकामाच्या माहितीपत्रकांत 'इंदूर मेथड' हा शब्द अजून आढळतो. हॉवर्ड यांच्या नावाने झपाटलेल्या रोडेल यांनी पेनसिल्व्हेनियात १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले आणि तेथून ही सारी ऑर्गॅनिक चळवळ फोफावली. आपण दुपटीने पैसे देऊन जो पालक आणतो त्याची कुळी थेट इंदूरला पोचते.

इंदूरच्या या पद्धतीवरचे पहिले पुस्तक १९३१ सालचे. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्या संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. १९४० च्या 'टेस्टामेंट'वर मात्र हॉवर्ड यांचे एकट्याचे नाव आहे, आणि पुढे जगभर गेलेल्या चळवळीच्या तोंडी वाड यांचे नाव जवळजवळ कोठेच येत नाही. हा नुसता मानापमानाचा मुद्दा नव्हे. १९३१ च्या पुस्तकात मोजमापे आहेत, पृथक्करणाचे तक्ते आहेत, मजूर किती लागले याचा हिशेब आहे. 'टेस्टामेंट'मध्ये त्याची जागा श्रद्धेने घेतली आहे. वाड गेले आणि तराजूही गेला, असे मला वाटते.

उदाहरण देतो. हॉवर्ड सांगतात की पुसाला त्यांचे चांगल्या चाऱ्यावर पोसलेले बैल लाळखुरकुताच्या जनावरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही. गोष्ट मोठी वेधक आहे. पण तुलनेला दुसरे बैल कोठे आहेत? निकस चाऱ्यावरचे, त्याच कुंपणाशी बांधलेले? ते नाहीत. आणि या एवढ्या पायावर सुपीक माती, निरोगी पीक, निरोगी माणूस अशी सगळी माडी चढवली जाते. तरीही हॉवर्ड यांना निकालात काढणे चूक ठरेल. नत्र, स्फुरद, पालाश या तीन अक्षरांत मातीचा कारभार संपतो असे मानणाऱ्यांची त्यांनी जी खरडपट्टी काढली आहे ती रास्त आहे. युद्धासाठी उभारलेल्या नत्राच्या कारखान्यांना शांततेत गिऱ्हाईक हवे होते, हे त्यांचे निरीक्षणही खोटे नाही. आणि हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला त्यांनी गुरू मानले. त्या काळच्या साहेबाला हे सुचावे हे थोडे नाही.

या वादाला एक पंच आहे, आणि तो दोघांहून वडील आहे. इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेड येथील ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, काही पट्ट्यांना फक्त रासायनिक खत, एकाला काहीच नाही. हॉवर्ड यांचा या प्रयोगावर राग होता, आणि का ते समजते. पावणेदोनशेहून अधिक वर्षे रासायनिक खतावर ठेवलेली जमीन मेलेली नाही. तिच्यातून शेणखताच्या पट्ट्याच्या तोडीचा गहू येत आला आहे. पण त्याच प्रयोगात शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब नुसत्या रासायनिक पट्ट्यांच्या दुपटीहून अधिक झाला. ती माती भुसभुशीत आहे आणि पाणी धरते. आपल्याकडच्या उथळ, कोरडवाहू जमिनीत या पाणी धरण्याला काय मोल आहे हे वेगळे सांगायला नको. मात्र हेक्टरी ३५ टन म्हणजे एकरी १४ टन. एक जनावर दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले तर माझ्या ढोबळ हिशेबाने दर एकरामागे चार जनावरे पाहिजेत, आणि त्यांचा चारा दुसऱ्या कोणत्या तरी एकरातून यायला हवा. शेणखत नत्र निर्माण करत नाही, एका जागचे दुसरीकडे नेते. धनगराच्या मेंढ्या शेतात बसवायच्या म्हणजे त्या माळावर जे चरल्या ते आपल्या वावरात आणायचे. नवे नत्र आणते ते डाळवर्गीय पीक. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड चांगला हे आपल्या आज्याला ठाऊक होते. पण बेवडासाठी जमीन एक हंगाम तरी त्या पिकाला द्यावी लागते.

हा हिशेब न करता बोलणाऱ्यांत हल्ली आपल्याच अमरावतीचे सुभाष पाळेकर यांचा मोठा गाजावाजा आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका देशी गाईवर तीस एकर, असा त्यांचा दावा आहे. त्यांच्या एकरी जीवामृतात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन आणि गूळ असतो. या सगळ्यातले नत्र मी जुळवून पाहिले. फार सढळ हाताने धरले तरी ते पाव किलोच्या आसपास येते. हंगामात सहा वेळा दिले तर दीड किलो. एकरी वीस क्विंटल गहू काढला तर पीक जमिनीतून चाळीस-पन्नास किलो नत्र उचलते. पाळेकर म्हणतात की जीवामृत हे खत नव्हेच, विरजण आहे, बाकीचे नत्र जीवाणू हवेतून आणतील. ठीक आहे. विरजणाला दूध तर हवे ना? जीवाणू एवढे नत्र वर्षानुवर्षे आणतात असे मोजून दाखवले तर मी पहिला हार घेऊन जाईन. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात, परकीय चलनाची चणचण असताना, रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात घटला, चहा घटला, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. हिशेब चुकल्याची किंमत दिली ती तेथल्या शेतकऱ्याने आणि गिऱ्हाइकाने.

आता तो चौथा रकाना. स्मिल यांच्या आकृत्यांत नत्र कारखान्यातून बाणाने निघते आणि मुळाशी पोचते. मध्ये दुकान नाही. आपल्याकडे मात्र सगळे ठरते ते तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर. सिंदरीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, तुर्भ्याचा १९६५ मध्ये, अलिबागजवळ थळचा १९८५ मध्ये बॉम्बे हायच्या वायूवर. 'सुफला' आणि 'उज्ज्वला' ही नावे आपल्यापैकी अनेकांनी पोत्यांवर वाचलेली आहेत. १९७७ मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून अशी व्यवस्था आली की शेतकऱ्याला भाव एकच, पण प्रत्येक कारखान्याला त्याचा स्वतःचा खर्च अधिक भांडवलावर १२ टक्के परतावा सरकार देईल. कारखाने उभे राहिले, देश धान्यात उभा राहिला, हे श्रेय त्या व्यवस्थेला द्यायला हवे. पण ज्याचा खर्च जास्त त्याला अनुदान जास्त, अशा व्यवस्थेत काटकसर कोण करील?

खरी मोडतोड पुढे झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे नियंत्रण उठले, त्यांचे भाव चढले, आणि युरिया मात्र उलट दहा टक्क्यांनी स्वस्त केला गेला. देशातले नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण एका वर्षात ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेले. २०१० मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, तेव्हा तरी शहाणपण येईल असे वाटले होते. पण युरिया पुन्हा बाहेर ठेवला गेला, आणि २००९-१० मध्ये ४.३ : २ : १ वर आलेले प्रमाण तीन वर्षांत ८.२ : ३.२ : १ झाले. आज ४५ किलोच्या युरियाच्या पिशवीला साधारण २६६ रुपये पडतात, म्हणजे किलोला सहा रुपये. हा भाव २०१२ पासून जवळजवळ हललेला नाही. डीएपी किलोला २७ रुपये आहे. शेतकरी अडाणी आहे म्हणून युरिया जास्त टाकतो असे जे म्हणतात त्यांनी हे दोन आकडे पाहावेत. युरियाने चार दिवसांत पिकाला काळोखी येते, डोळ्यांना दिसते, आणि खिशाला परवडते. तुम्हीआम्ही दुसरे काय केले असते? शिवाय टंचाईच्या दिवसांत युरियाच्या पिशवीबरोबर नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारण्याची दुकानदारी रीत, जिला गावात 'लिंकिंग' म्हणतात, तीही या खतावणीत धरायला हवी. २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप आला. त्यामागे नत्र सावकाश सुटावे हा हेतू होता, तसाच युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी चोरून जाऊ नये हाही होता. एखादी वस्तू इतकी स्वस्त ठेवली की तिला पाय फुटतातच. २०२२-२३ मध्ये खतांवरचे एकूण अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले, आणि कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग आता बाहेरून येतो.

या दरम्यान ४ : २ : १ हे 'आदर्श' प्रमाण पोथीतल्या मंत्रासारखे म्हटले जाते. ते उत्तरेच्या गहू-भाताच्या शिफारशीवरून आलेले आहे. खानदेशच्या केळीला किंवा सोलापूरच्या ज्वारीला ते का लागू व्हावे, हे कोणी विचारत नाही. आणि सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या चोपण जमिनी दाखवून 'पाहा, खतांनी जमीन मेली' असे सांगितले जाते तेव्हा मुख्य आरोपी सुटतो. तेथे जमिनीत क्षार वर आले ते मुख्यतः निचरा नसताना पाटाचे पाणी वारेमाप दिल्याने.

तिसऱ्या रकान्यात, म्हणजे उरलेले नत्र कोठे जाते यात, आपण इथले रहिवासीही आलो. जगभर दिलेल्या नत्रातले निम्म्याहून कमी पिकात जाते. बाकीचे नायट्रेट होऊन पाण्यात किंवा वायू होऊन हवेत. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. मिसिसिपीतून वाहत गेलेल्या नायट्रेटमुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायूवाचूनचा पट्टा पसरतो. २०१७ मध्ये तो ८,७७६ चौरस मैल भरला. आयोवात डि मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये वरच्या भागातल्या तीन परगण्यांच्या चर-यंत्रणांवर फिर्याद केली, आणि ती २०१७ मध्ये फेटाळली गेली. शुद्धीकरणाचा खर्च नळाच्या बिलातून जातो. शिवाय आपल्या घरापुढच्या हिरवळीला, जी कोणी खात नाही, आपण वसंतात खताची पिशवी टाकतो, आणि संध्याकाळी 'केमिकल'वर बोलतो. ऑर्गॅनिक पालकाचीही एक गंमत आहे. इथल्या नियमांप्रमाणे ऑर्गॅनिक शेताला साध्या फार्मवरच्या कोंबड्यागुरांचे शेणखत चालते. त्या कोंबड्यांनी खाल्लेला मका युरिया-अमोनियावर वाढलेला असतो. म्हणजे हाबर-बॉशचे नत्र एका कोंबडीच्या पोटातून फिरून आले की पवित्र होते. हॉवर्ड यांना हे रुचले नसते. स्मिल मात्र हसले असते.

ज्यांना दोन्ही पुस्तके वाचायला सवड नसेल त्यांनी स्मिल यांची बॉश यांच्यावरची आणि अखेरची नत्राच्या प्रवासाची प्रकरणे वाचावीत. मधले तक्ते चाळले तरी चालतील. 'टेस्टामेंट' वाचायलाच हवे असे मी म्हणणार नाही. त्याऐवजी हॉवर्ड आणि वाड यांचे १९३१ चे छोटे पुस्तक मिळवावे. त्यात खड्डा किती लांबीचा, थर किती जाडीचा, कितव्या दिवशी वरखाली करायचा, हे सारे आहे, आणि गावाकडे भावाला पाठवायचे असेल तर तेच पाठवावे. मराठी अनुवाद माझ्या पाहण्यात नाही. आपल्यापैकी कोणी हाती घेतला तर मुखपृष्ठावर दोन्ही नावे सारख्या टायपात छापावीत.